ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कूलंट शिरलं? या चुका टाळा

आमच्या जालन्याच्या गॅरेजात पान्यांच्या फळीवर एक काचेची बरणी ठेवलीय. आत गुलाबी, दाटसर, मिल्कशेकसारखं काहीतरी. गिअरबॉक्सचं ऑइल लाल आणि आरपार दिसायला हवं. हे निघालं अंबडकडच्या एका मोसंबीच्या व्यापाऱ्याच्या ऑटोमॅटिक पिकअपमधून.

गाडी आली तेव्हा तक्रार वेगळीच होती. "वस्ताद, साठच्या स्पीडला नुसती थरथरायली. बॅलन्सिंग दोनदा केलं, फरक नाही." टायरची थरथर स्पीड वाढेल तशी बदलते. ही मात्र हलक्या ॲक्सिलरेटरवर, बरोबर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) क्लच लागतो त्या वेळी यायची, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी. गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सैल केला आणि ट्रेमध्ये फालुदा उतरला.

पाणी शिरतं कुठून

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचं ऑइल खूप तापतं. ते दोन पाइपांनी पुढे नेतात, आणि बऱ्याच पिकअपमध्ये रेडिएटरच्या टाकीच्या पोटातच एक छोटा ऑइल कूलर असतो. आत ऑइल, बाहेर कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी, मधे धातूची पातळ भिंत. ती कुजली किंवा तिचा जोड सुटला की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

इंजिन चालू असताना ऑइलचा दाब बहुतेक वेळा जास्त असतो, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जातं. गाडी बंद केली की गिअरबॉक्सचा पंप थांबतो आणि ऑइलचा दाब जवळजवळ शून्यावर येतो. तापलेल्या रेडिएटरमध्ये मात्र एक बारच्या आसपास दाब अजून कोंडलेला असतो. मग पाणी उलट गिअरबॉक्सकडे सरकतं. म्हणजे खरं नुकसान होतं ते तुम्ही ढाब्यावर चहा पीत असताना.

हा रोग फक्त आपल्याकडच्या गाड्यांचा नाही. अमेरिकेत 2005 ते 2010 या सालांतल्या निसान फ्रंटियर, एक्सटेरा आणि पाथफाइंडरमध्ये हे इतक्यांदा झालं की कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवून द्यावी लागली.

एक खुलासा. एएमटीला पण आपल्याकडे ऑटोमॅटिकच म्हणतात. तो आतून साधा गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकते. त्याचं ऑइल रेडिएटरकडे जातच नाही, त्यामुळे हे दुखणं त्याला होत नाही. उलट काही टिपर-डंपरना टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स असतो आणि त्याचं ऑइल इंजिनच्याच पाण्यावर थंड होतं. तिथे हे सगळं लागू आहे.

पाणी कमी होतंय, टाका बोअरचं

कूलंट कमी होतंय आणि खाली थेंब दिसत नाही, म्हणजे ते आतल्या आत कुठेतरी जातंय. अशा वेळी बहुतेक ड्रायव्हर कूलंटच्या बाटलीत बोअरचं पाणी ओततात. आपल्याकडचं बोअरचं पाणी कसं असतं ते बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून कळतं. तोच क्षार कूलरवर बसतो, वर धातू खातो. त्यात मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि मागे मोसंबीची क्रेट. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, आणि पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदली. या कामात काटकसर करायची जागा नाही.

त्याच बाटलीत बोट बुडवून बघा. कडेला तपकिरी-गुलाबी चिकट साय लागली तर गिअरबॉक्सचं ऑइल पाण्यात आलंय.

घाईत हेड खोलू नका

दुधाळ ऑइल दिसलं की काही मिस्त्री सरळ हेडगॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं पॅकिंग, गेलं म्हणतात. आधी बघा दुधाळ झालंय कुठलं ऑइल. इंजिनची डिपस्टिक स्वच्छ आणि गिअरबॉक्सचं ऑइल गुलाबी, तर हेडला हात लावायचं काम नाही. पुष्कळ गिअरबॉक्सला डिपस्टिकच नसते. तिथे लेव्हलच्या नटातून थोडं ऑइल काढून काचेत धरावं. रंगावर जाऊ नका, काही कूलंट गुलाबीच येतात. ऑइल आरपार दिसतं की गढूळ, ते बघा.

शंका असेल तर जुना तवा तापवा, जाळावरून खाली उतरवा आणि ऑइलचे दोन थेंब टाका. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. तवा धूर येईपर्यंत तापवायचा नाही आणि हा उद्योग घरात करायचा नाही.

आणखी एक फसवी वाट आहे. पुराच्या ओढ्यातून गाडी काढली तर तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड होतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या तोंडातून, पाणी आत ओढतो. ऑइल तेव्हाही दुधाळ होतं, पण कूलंटची बाटली स्वच्छ राहते. रेडिएटर बदलण्याआधी ड्रायव्हरला एवढं विचाराच.

"घरापर्यंत येऊ द्या की"

व्यापाऱ्याच्या भाच्याने नांदेडहून जालन्यापर्यंत गाडी तशीच आणली होती. वाटेत गिअर स्लिप मारत होता, हा ॲक्सिलरेटर दाबत होता. मला फोन आला असता तर मी जागेवर बंद करायला सांगितली असती. इंजिन चालू असेतोवर पंप ते पाणी गिअरबॉक्सच्या कानाकोपऱ्यात पोचवतो.

बंद पडली म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करणं ही त्याहून मोठी चूक. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आणि चाकं फिरली की आतले भाग कोरडे घासतात. मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर ती उचलून न्या किंवा मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडा. फोर बाय फोर असेल तर चारही चाकं वर, सपाट पाट्याच्या गाडीवर. भाड्याचे पैसे जास्त जातात, जाऊ द्या.

नुसतं ऑइल बदलून भागेल का

इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात. आमच्याकडे येण्याआधी या गाडीचं ऑइल दुसऱ्या एका गॅरेजात बदललं होतं. दहा दिवस गाडी लोण्यासारखी चालली, मग पुन्हा थरथर.

पहिली गोष्ट हिशेबाची. चेंबरचा नट काढल्यावर साधारण निम्मंच ऑइल बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि पाइपांत राहतं. एकदा बदललं तर निम्मी घाण उरली, दुसऱ्यांदा पाव, तिसऱ्यांदा आठवा हिस्सा. "गरम होऊन पाणी उडून जाईल" असं म्हणणारेही भेटतात. पाणी थोडंफार उडेलही, पण कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल 197 अंशांना उकळतं. तेवढा गिअरबॉक्स तापला तर तो तसाही संपला.

दुसरी गोष्ट प्लेटांची. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं आणि पोलादाच्या चकतीवर चिकटवलेलं असतं. ऑइलमध्ये ते वर्षानुवर्षं भिजून राहू शकतं. पाणी आणि ग्लायकोल मिळालं की ते फुगतं आणि चिकटवण सैल होते. या गाडीची एक प्लेट मी नखाने खरवडली, तर भिजलेल्या बाटलीवरचं लेबल निघावं तसा अस्तराचा पापुद्रा हातात आला. चकतीवर गंज उमटला होता. अशा प्लेटा कितीही ताजं ऑइल घातलं तरी पुन्हा चिकटत नाहीत.

म्हणून माझा हिशेब असा आहे. पाणी शिरल्या शिरल्या कळलं, गाडी जेमतेम चालली आणि गिअर व्यवस्थित पडतायत, तर मशीन लावून पूर्ण फ्लश करून बघायला हरकत नाही. पण ते "बघणं" आहे, गॅरंटी कुणी मागू नये. थरथर किंवा स्लिप सुरू झाली असेल तर गिअरबॉक्स खोलायचा, प्लेटा आणि सील नवे, टॉर्क कन्व्हर्टर बदली किंवा कापून दुरुस्त. वेळेत धरलं तर काम हजारांत निभतं, नाहीतर आकडा लाखात जातो.

फ्लशमध्ये डिझेल किंवा रॉकेल घालणाऱ्याला गाडीजवळ येऊ देऊ नका. आणि "लाल ते लाल" म्हणून कुठलंही ऑइल ओतू नका. पुस्तकात जे स्पेसिफिकेशन लिहिलंय तेच घालायचं.

आधी रेडिएटर

सोपी वाटते, पण ही चूक होते. गिअरबॉक्स बांधला, गळका कूलर तसाच, की पंधरा दिवसांत पुन्हा फालुदा. नवा रेडिएटर बसवल्याशिवाय किंवा जुन्यातला कूलर बाजूला केल्याशिवाय नवं ऑइल भरायचं नाही. जुन्या गाडीला मी स्वतंत्र, हवेवर थंड होणारा ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढे बसवतो. ऑइल आणि पाणी पुन्हा भेटतच नाहीत. आपल्याकडे थंडी कडक नाही, त्यामुळे ऑइल गरजेपेक्षा गार पडायची काळजी नाही. मात्र कूलर मोठा घ्या, गाडीवर भार असतो.

पाण्याच्या बाजूला गेलेलं ऑइलही काढावं लागतं. ते रबरी होज फुगवून मऊ करतं. बोटाने दाबल्यावर पिकलेल्या केळासारखा वाटला तो होज फेकून द्या. साफसफाईला धुण्याचा सोडा वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो. कूलिंग सिस्टीमसाठी मिळणारा क्लीनरच वापरा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. जुनं कूलंट नालीत सोडू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-शेळ्या त्यावर तोंड टाकतात.

काम झाल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरला ऑइल बघा, मग पाचशेला, मग हजाराला.

जुना रेडिएटर आम्ही कापून बघितला. कूलरच्या जोडावर क्षाराचा पांढरा थर, आणि त्याखाली टाचणीच्या टोकाएवढं भोक. व्यापारी बराच वेळ बोटाने ते चाचपत राहिला. आता तो दर पंधरा दिवसांनी कूलंटच्या बाटलीचा फोटो पाठवतो. परवाच्या फोटोत कूलंट हिरवंगार होतं, वर साय नव्हती.