रोग कसा खेळावा: आधी बघून येणाऱ्याचं काम

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र रंगवायचा खेळ १९७४ साली आला तेव्हा त्यात पात्रांचे तीनच क्लास, म्हणजे प्रकार, होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारा). कुलपं उघडणारा, अंधारात लपणारा चोर १९७५ मध्ये 'ग्रेहॉक' या पुरवणीतून आला आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो क्लास रोग (इंग्रजी rogue, म्हणजे लबाड; आजार नव्हे) म्हणून ओळखला जाऊ लागला. आजही बरेच नवे खेळाडू चोऱ्या करायला आणि पाठीत खंजीर खुपसायलाच हा क्लास घेतात. माझ्या मते त्याचं मुख्य काम धोक्याची बातमी वेळेआधी आणणं हे आहे. दारामागे काय आहे हे आधी कळलं, तर लढायचं, वळसा घालायचा की बोलणी करायची हे पार्टीला, म्हणजे सोबतच्या पात्रांच्या गटाला, ठरवता येतं. एकदा आत घुसल्यावर ठरवण्यासारखं फारसं काही उरत नाही.

खालचे आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत.

१. पात्र लिहिण्याआधी पार्टी बघा

बाकीचे काय खेळणार आहेत ते विचारा. रोगला ११ कौशल्यांमधून चार निवडता येतात, त्यामुळे पार्टीतली उणीव भरून काढणं त्याला सहज जमतं. सगळे दणकट आणि अबोल असतील तर पर्सुएशन (मन वळवणं) किंवा डिसेप्शन (थापा मारणं) घ्या. बार्ड (बोलका गायक-जादूगार) असेल तर बोलण्याचं काम त्याच्यावर सोडा.

२. एक्स्पर्टीज कुठे लावायचं

एक्स्पर्टीजमुळे पहिल्याच लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पायरीला) दोन शिकलेल्या कौशल्यांचा, शिकल्याबद्दल मिळणारा बोनस दुप्पट होतो. डेक्स्टेरिटी (चपळाई) १६ असेल आणि स्टेल्थ (लपून वावरणं) शिकलेलंच नसेल, तर वीस बाजूंच्या फाशात ३ मिळवायचे. शिकलेलं असेल तर ५, एक्स्पर्टीज असेल तर ७. म्हणजे १५ गाठायचे असतील तर यशाची शक्यता अनुक्रमे ४५, ५५ आणि ६५ टक्के होते. पुढे हा फरक खूप वाढतो. अकराव्या लेव्हलला रिलायबल टॅलेंट मिळालं की शिकलेल्या कौशल्याचा फासा १० च्या खाली धरलाच जात नाही. तोवर डेक्स्टेरिटी २० झाली असेल तर एक्स्पर्टीज असलेलं तुमचं स्टेल्थ कमीत कमी २३ येणार. २०२४ च्या सुधारित नियमांत हे सातव्या लेव्हललाच मिळतं.

मी सुरुवातीचे दोन्ही एक्स्पर्टीज स्टेल्थ आणि परसेप्शनला (आजूबाजूचं टिपणं) देतो. कुलूप नाही उघडलं तर फायटर (लढवय्या) दार फोडेल. दबा धरून बसलेला शत्रू मात्र वेळेत दिसला नाही तर त्यावर नंतर काही करता येत नाही.

३. पुढे जा, पण हाकेच्या अंतरावर

एकटं पुढे जाऊन अडकलेला रोग सगळ्या पार्टीला संकटात ओढतो, म्हणून अंतराचा हिशोब आधीच करून ठेवा. बहुतेक पात्रं एका टर्नमध्ये (आपल्या पाळीत) ३० फूट चालतात, डॅश केला, म्हणजे धावलं, तर ६०. दुसऱ्या लेव्हलला कनिंग अॅक्शन (जास्तीच्या बोनस अॅक्शनमध्येही डॅश करायची मुभा) मिळालं की रोग चालणं आणि दोन डॅश मिळून ९० फूट जातो. म्हणजे ६० फुटांच्या आत राहिलात तर तुम्ही एका टर्नमध्ये परत येता, आणि तुम्ही पडलात तर मित्र एका टर्नमध्ये तुमच्यापर्यंत पोचतात. मी ही मर्यादा सहसा ओलांडत नाही.

उजेडाचाही विचार करा. मशाल घेऊन लपता येत नाही. डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची क्षमता) असलं तरी पूर्ण अंधार संधिप्रकाशासारखा दिसतो, आणि डोळ्यांनी शोधायच्या परसेप्शनवर डिसअॅडव्हान्टेज बसतो (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा). सापळ्याची बारीक तार अशा वेळी हमखास निसटते. शंका आली की मागे या आणि दिवा असलेल्याला सोबत घेऊन जा.

परतल्यावर तीन गोष्टी सांगा: किती जण आहेत, बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत, आणि त्यांना आपली चाहूल लागली आहे का. मग गप्प बसा. बेत सगळ्यांनी मिळून ठरवायचा असतो.

ही टेहळणी टेबलावर थोडक्यात उरका. तुम्ही डीएमशी (खेळ चालवणाऱ्याशी) बोलत असताना बाकीचे नुसते ऐकत असतात. एक खोली, दोन-तीन नेमके प्रश्न, की परत. शक्य असेल तिथे सगळ्यांनाच दबक्या पावलांनी न्या. ग्रुप चेकमध्ये (सगळे एकाच कामासाठी फासे टाकतात तेव्हा) किमान निम्मे यशस्वी झाले की पूर्ण गट यशस्वी धरतात, त्यामुळे तुमचा मोठा आकडा चिलखत घातलेल्या फायटरचं अपयश झाकतो.

४. लढाईत मित्राच्या शेजारी

स्नीक अटॅकसाठी, म्हणजे रोगच्या वाराला मिळणाऱ्या नुकसानीच्या जास्तीच्या फाशांसाठी, लपावंच लागतं हा गैरसमज फार पसरलेला आहे. शत्रूपासून पाच फुटांच्या आत तुमचा एखादा शुद्धीवर असलेला साथीदार असला आणि तुमच्या हल्ल्यावर डिसअॅडव्हान्टेज नसला, की झालं. हत्यार तेवढं फिनेस (चपळाईने चालवता येणारं) किंवा लांबून मारायचं हवं. तेव्हा फायटर ज्याच्याशी भिडलाय त्यालाच मारा. पहिल्या लेव्हलला एक डी६ (सहा बाजूंचा फासा) जास्तीचा मिळतो आणि दर विषम लेव्हलला एकेक वाढत एकोणिसाव्या लेव्हलला दहा होतात.

वार चुकला तर हे सगळे फासे वाया जातात. दोन्ही हातांत शॉर्टसोर्ड धरण्याचा फायदा इथे दिसतो. एका वाराची शक्यता ६० टक्के असेल तर दोनपैकी एक तरी लागण्याची ८४ टक्के होते. पहिलाच लागला तर दुसरा मारू नका, बोनस अॅक्शनने डिसएन्गेज करून (जाताना वार न खाता) मागे सरका. लेदर चिलखत आणि डी८ चे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) घेऊन पुढच्या रांगेत उभं राहणं रोगला झेपत नाही.

आणखी एक: स्नीक अटॅक टर्नला एकदा मिळतो, राउंडला (सगळ्यांच्या टर्नच्या एका फेरीला) नाही. शत्रू तुमच्यापासून पळायला लागला आणि तुम्ही त्याच्या टर्नमध्ये ऑपॉर्च्युनिटी अटॅक केला, तर अट पूर्ण होत असल्यास फासे पुन्हा मिळतात. पाचव्या लेव्हलपासून हीच रिअॅक्शन (राउंडमध्ये एकदाच मिळणारी झटपट कृती) अनकॅनी डॉज लावून नुकसान निम्मं करायलाही लागते, तेव्हा हिट पॉइंट बघून ठरवा.

५. चोरी कुणाची करायची

आपल्या पार्टीतल्या कुणाची कधीच नाही. "माझं पात्र असंच वागलं असतं" हे कारण मला पटत नाही, कारण ते पात्र तुम्हीच लिहिलेलं असतं. मित्राची पिशवी मारलीत की पुढच्या वेळी तुम्ही आणलेल्या बातमीवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि मग पुढे जाऊन बघून येण्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून पात्राला भूतकाळ देताना तो चोर कसा झाला हे दोन ओळींत उरका, आणि या पार्टीसोबत तो का टिकून आहे यावर जास्त लिहा. कुणाचं तरी ऋण असेल, एखादा सामाईक शत्रू असेल, किंवा पहिल्यांदाच कुणी त्याच्यासाठी मागे थांबलेलं असेल. ते कारण पहिल्या सत्राआधी डीएमला आणि ज्या खेळाडूच्या पात्राशी ते जोडलंय त्याला सांगून ठेवा.