सॅलडला पाणी का सुटते? जगभरातील सॅलड घरी करताना या चुका टाळा

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ पानावर वाढण्याच्या अगदी आधी घालायचे, हा आपल्या घरांतला जुना शिरस्ता आहे. खमंग काकडी करणारी सुगरण चोचवलेली काकडी हाताने हलकेच पिळून घेते, त्यात दाण्याचे कूट मिसळते आणि मीठ-साखरेला शेवटपर्यंत हात लावत नाही. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि मीठ लागताच ते पेशींबाहेर ओढले जाते, हे शास्त्र ठाऊक नसतानाही तिने ते पुरते ओळखलेले असते. हीच जाण ग्रीक, लेबनीज किंवा थाई सॅलड करताना मात्र आपण बाजूला ठेवतो, कारण परदेशी पदार्थाचे नियम वेगळे असणार असे आपण गृहीत धरतो. घरी केलेली बहुतेक सॅलड बिघडतात ती महागडे साहित्य न मिळाल्यामुळे नव्हे, तर पाण्याचा हिशोब चुकल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे. जगातल्या प्रत्येक नामवंत सॅलडने या पाण्याला आपापले उत्तर शोधलेले आहे. ते उत्तर समजले की बाकीच्या दुरुस्त्या सोप्या होतात.

ओली पाने आणि फुटलेले ड्रेसिंग

सीझर सॅलडचे नाव रोमच्या सम्राटावरून पडले असावे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते इटलीहून स्थलांतरित झालेल्या सीझर कार्दिनी यांच्या नावावरून पडले. मेक्सिकोतील तिहुआना या सीमेवरच्या शहरात त्यांचे उपाहारगृह होते आणि १९२४ साली तेथेच हे सॅलड जन्माला आले, असे सांगितले जाते. अमेरिकेत त्या काळी दारूबंदी असल्यामुळे सीमा ओलांडून येणाऱ्या पाहुण्यांची तेथे गर्दी असे. सुरुवातीला रोमेन लेट्यूसची पाने अख्खीच ठेवली जात आणि ती हाताने उचलून खाल्ली जात. यावरूनच लक्षात येईल की ड्रेसिंग पानाला चिकटून राहणे हा या पदार्थाचा प्राण आहे, आणि धुतलेली पाने नुसती निथळून वापरली की नेमके तेच घडत नाही. तेलकट मिश्रण ओल्या पानावरून घसरते, तळाशी साचते आणि पाने बेचव राहतात. मग आपण आणखी ड्रेसिंग ओततो, आणि सॅलड एकाच वेळी जड आणि अळणी होते. पाने धुऊन स्वच्छ सुती पंचावर पसरावीत, दुसऱ्या पंचाने अलगद टिपावीत आणि त्याच कापडात गुंडाळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावीत. बाजारातून येताना कोमेजलेली पाने आधी पंधरा-वीस मिनिटे बर्फाच्या पाण्यात बुडवली, तर पेशी पुन्हा पाणी शोषून ताठ होतात. मात्र त्यानंतर ती अधिकच काळजीपूर्वक कोरडी करावी लागतात.

ड्रेसिंग फुटणे, म्हणजे तेल आणि आंबट द्रव वेगळे होणे, ही याच सॅलडमधली दुसरी अडचण. अंड्याच्या बलकातील लेसिथिन हा घटक तेल आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवतो, पण त्याला तेल थेंबाथेंबाने मिळावे लागते. तेल घाईने ओतले की मिश्रण फाटल्यासारखे दिसते. असे झाले तर ते फेकू नये. दुसऱ्या वाडग्यात एक चहाचा चमचा मोहरीची पेस्ट किंवा नवा बलक घ्यावा आणि फुटलेले मिश्रण त्यात थोडेथोडे घालत फेटावे. बहुतेक वेळा ते पुन्हा जमून येते. कच्चे अंडे टाळायचे असल्यास बांधून निथळवलेला चक्का वापरावा. साधे दही वापरले की त्यातले पाणी पानांवर उतरते आणि आपण पुन्हा जेथून निघालो तेथेच येतो. शाकाहारी वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की सीझरच्या ड्रेसिंगमध्ये पडणाऱ्या वूस्टरशायर सॉसमध्ये सामान्यतः अँकोव्ही मासे असतात आणि त्यातलेच मूळ इटालियन पार्मेझान चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे जठरातून काढलेल्या विरजणाने, विरजलेले असते.

तेल आणि लिंबू यांचे साधे ड्रेसिंग करतानाही एक चूक सर्रास होते. मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे सगळे एकदम एकत्र केले की दाताखाली खडे येतात. मीठ आधी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये पूर्ण विरघळवावे आणि मग तेल घालावे. तीन भाग तेल आणि एक भाग आंबट, हे फ्रेंच प्रमाण आरंभाला चांगले आहे, पण आपली लिंबे चवीला तीव्र असल्यामुळे चाखूनच ठरवावे.

जेथे पाणी हवेच असते

ग्रीसमधील होरियातिकी, म्हणजे गावाकडचे सॅलड, या सगळ्याच्या उलट दिशेने जाते. त्यात लेट्यूस नसते. पिकलेल्या टोमॅटोच्या मोठ्या फोडी, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वर फेटा चीजचा एक सबंध तुकडा, ओरेगानो आणि सढळ हाताने घातलेले ऑलिव्ह तेल, एवढाच पसारा असतो. टोमॅटोला सुटलेला रस आणि तेल ताटलीच्या तळाशी मिसळते आणि ते पावाने पुसून खाणे हा या पदार्थाचा अर्धा आनंद आहे. म्हणून येथे टोमॅटोच्या बिया काढणे, फोडी बारीक चिरणे किंवा चीज कुस्करून सर्वत्र मिसळणे, या तिन्ही गोष्टी चुकीच्या ठरतात.

फेट्याऐवजी पनीर वापरले की सॅलड फिके लागते, ही तक्रार मी फार ऐकली आहे आणि तिचे कारण सरळ आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार फेटा हा मेंढीच्या दुधाचा असतो, त्यात शेळीचे दूध ३० टक्क्यांपर्यंतच चालते, आणि तो किमान दोन महिने मिठाच्या पाण्यात मुरतो. पनीर आम्लाने फाडलेले, ताजे आणि बिनमिठाचे असते. त्यामुळे वरून मीठ भुरभुरवून उपयोग होत नाही, ते आतपर्यंत पोहोचत नाही. एक कप पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ आणि थोडा लिंबाचा रस घालून त्यात पनीरचा तुकडा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. त्याचा फेटा होणार नाही, पण सॅलडला लागणारा खारट-आंबट आधार नक्की मिळेल. अशा पनीरबरोबर भाज्यांना वेगळे मीठ फारच बेताने लावावे.

तब्बुलेतला गहू

सर्वात जास्त गैरसमज मला तब्बुलेबाबत दिसतात. हे लेबनॉन आणि सीरिया या प्रदेशातले सॅलड मुळात पार्सली या कोथिंबिरीसारख्या पाल्याचे आहे, गव्हाचे नाही. दोन भरघोस जुड्या पार्सलीला दोन-तीन मोठे चमचे बारीक बुलगुर पुरतो. आपल्याकडे मात्र पुष्कळदा हिरवे ठिपके असलेला गव्हाचा भात समोर येतो. पहिल्यांदा तब्बुले करताना मी स्वतः बुलगुर म्हणून दलिया भिजवला होता आणि तासभर थांबूनही तो दाताखाली कचकच लागत राहिला. दिसायला दोन्ही सारखे असले तरी बुलगुर हा आधी उकडून, वाळवून मग भरडलेला गहू असतो, म्हणून बारीक बुलगुर नुसत्या भिजवण्याने मऊ होतो. दलिया म्हणजे कच्च्या गव्हाची भरड, आणि ती शिजवल्याशिवाय खाण्याजोगी होत नाही. दलियाच वापरायचा असेल तर तो भरपूर पाण्यात दाणा मोकळा राहील इतपत शिजवावा, चाळणीत निथळावा, गार पाण्याखाली एकदा धुवावा आणि परातीत पसरून पूर्ण कोरडा होऊ द्यावा.

खरा बुलगुर हाती असेल तर त्याला पाण्यात भिजवण्याची गरजही नाही. बारीक चिरलेल्या टोमॅटोचा रस आणि लिंबाचा रस यांतच तो मुरू द्यावा. जो द्रव एरवी वाडग्याच्या तळाशी साचून पार्सली चिकट करतो, तोच येथे गव्हाच्या पोटात जातो आणि चवीसह परत मिळतो. दाण्याचे कूट आपल्या कोशिंबिरीत जे काम करते, तेच हा बुलगुर करतो, हे लक्षात आले तेव्हा मला हे सॅलड एकदम ओळखीचे वाटू लागले.

पार्सली चिरण्यापूर्वी पूर्ण कोरडी असली पाहिजे आणि सुरी धारदार असली पाहिजे. ओली पाने बोथट सुरीखाली चिरडतात, त्यांचा रस पाटावर राहतो आणि उरलेला चोथा काळपट पडतो. मिक्सर किंवा चॉपर वापरला तर चटणीच होते. पार्सलीऐवजी कोथिंबीर घालून होणारा पदार्थ चांगला लागतो, पण कोथिंबिरीचा सुगंध तब्बुलेत पार्सलीबरोबर पडणाऱ्या पुदिन्याला झाकून टाकतो, म्हणून त्याला तब्बुले म्हणू नये असे मला वाटते.

याच प्रदेशातल्या फत्तुशमध्ये कुरकुरीत भाजलेली किंवा तळलेली रोटी असते आणि ती आधीच मिसळणे ही एकच मोठी चूक त्यात संभवते. इटलीच्या टस्कनीतील पांझानेल्लात मात्र शिळा पाव रसात भिजलाच पाहिजे, तेथे घाई केली तर तो कोरडा लागतो.

कुटायचे, पण किती?

थायलंडचा ईशान्येकडील इसान प्रदेश आणि लाओस येथील कच्च्या पपईच्या सॅलडला सोम तम म्हणतात, आणि नावाचा अर्थच आंबट व कुटलेले असा आहे. मातीचा खोल खल आणि लाकडी बत्ता हे त्याचे साधन. लसूण आणि मिरची आधी नीट कुटावी. त्यानंतर ताडगूळ, लिंबू, फिश सॉस, चवळीच्या शेंगा आणि टोमॅटो घालून हलके ठेचावे, आणि पपई सर्वात शेवटी घालून एका हाताने चमच्याने उलटत दुसऱ्या हाताने अलगद बत्ता चालवावा. पपईला रस शोषता येईल इतपत मार बसला की थांबायचे. किसणीच्या बारीक बाजूने किसलेली किंवा रंग धरू लागलेली पपई येथे हमखास लगदा होते. काडीसारखे लांब तुकडे करून ते दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवले आणि कोरडे केले, तर कुरकुरीतपणा टिकतो. कच्च्या पपईच्या चिकामुळे हाताला खाज येऊ शकते, म्हणून हाताला तेल लावावे. गर्भवती स्त्रियांनी कच्ची पपई टाळावी.

बटाटा, मेयोनीज आणि आपला उन्हाळा

आपण ज्याला रशियन सॅलड म्हणतो ते मॉस्कोच्या हर्मिटेज या उपाहारगृहात १८६० च्या दशकात ल्युसियां ऑलिव्हिए यांनी घडवलेल्या पदार्थाचे बदललेले रूप आहे. त्यात गरम बटाट्यावर मेयोनीज घातले की त्यातले तेल सुटते आणि फोडी गिळगिळीत होतात, म्हणून बटाटा पूर्ण गार झालेलाच हवा. तेल-व्हिनेगरचे ड्रेसिंग असलेल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये नेमके उलटे करावे, कारण कोमट बटाटा आंबटपणा आत ओढून घेतो आणि गार बटाट्याला तो नुसता वरवर लागतो. मेयोनीज, अंडी किंवा चिकन घातलेले कोणतेही सॅलड दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, आणि तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर ही मर्यादा एका तासावर येते. लग्नसराईत उघड्यावर मांडलेल्या जेवणात हा नियम फार सहज मोडला जातो.

बिघडलेच तर

पाणी सुटलेल्या सॅलडमध्ये आणखी मीठ किंवा आणखी तेल घालू नये. सगळे चाळणीवर काढावे आणि खालचा द्रव जपून ठेवावा. तो चाखून त्यात थोडे तेल व हवा असल्यास लिंबाचा रस घालून फेटावे आणि त्यातले जेवढे भाज्यांना चिकटेल तेवढेच परत लावावे. फार आंबट झालेल्या ड्रेसिंगमध्ये साखरेआधी थोडे तेल घालून पाहावे, आणि फार खारट झालेल्यात बिनमिठाच्या काकडीच्या किंवा उकडलेल्या बटाट्याच्या फोडी वाढवाव्यात. कच्चा कांदा उग्र लागत असेल तर पातळ चकत्या दहा मिनिटे गार पाण्यात ठेवून पिळून घ्याव्यात. लेट्यूस मात्र एकदा ड्रेसिंगमध्ये मऊ पडले की पुन्हा ताठ होत नाही. तेव्हा पाने आणि ड्रेसिंग वेगवेगळी ठेवावीत आणि पाहुणे जेवायला बसले की मगच एकत्र करावीत.