हाइड केलेला कॉलम फाइलमध्येच असतो

शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेत एमआयएसचं, म्हणजे याद्या आणि अहवाल सांभाळण्याचं, काम धरलं आणि पहिल्याच महिन्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. विद्यार्थिनींची एक्सेलमधली यादी बाहेरच्या एका सल्लागारांना पाठवायची होती. आधार आणि बँक खात्याचे कॉलम मी हाइड केले आणि फाइल मेल केली. तासाभरात त्यांचा फोन. "ताई, डी नंतर एकदम जी दिसतोय. अनहाइड केलं तर सगळे आधार नंबर समोर आले. ही डिलीट करतो, नवी पाठवा." माझे हातपाय गार पडले. त्यातले कितीतरी नंबर मी स्वतः मुलींच्या फॉर्मवरून टाइप केले होते.

या कामात नव्यानं येणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. हाइड केलेला कॉलम, पांढऱ्या रंगातली अक्षरं, कस्टम फॉरमॅटनं आणलेले एक्स, यांतल्या कशानंच मूळ आकडा जात नाही. नुसतं अनहाइड करून किंवा फॉर्म्युला बारमध्ये बघून तो कुणालाही मिळतो.

आधार 12 अंकी. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या मास्क्ड आधारवर पहिले 8 अंक झाकलेले आणि शेवटचे 4 उघडे असतात. मीही तसंच करते. मूळ फाइलची कॉपी काढायची. शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये आठ एक्स आणि त्यांना राइट फंक्शननं काढलेले शेवटचे चार अंक जोडायचे, फॉर्म्युला खालपर्यंत ओढायचा. मग तो कॉलम कॉपी करून तिथंच पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज, म्हणजे फॉर्म्युला जाऊन नुसता मजकूर उरतो. मूळ कॉलम त्यानंतरच डिलीट करायचा. आधी केलात तर खालपर्यंत रेफ एरर येतो. बँक खात्यांचं जरा सांभाळा. एक्सेल आकड्यातले पहिले 15 अंकच धरतं, पुढचे शून्य होतात. त्यामुळे भरण्याआधीच तो कॉलम टेक्स्ट करून ठेवायचा, नाहीतर झाकून उरलेले चार अंकच चुकीचे.

सल्लागारांसाठी नवी फाइल करताना मी पिव्होट टेबल, म्हणजे डेटावरून गटवार संख्या काढून देणारा तक्ता, लावलं आणि डेटाची शीट उडवून टाकली. आमच्या सरांनी पाठवण्याआधी ती फाइल मागितली. एका तालुक्याच्या संख्येवर त्यांनी डबल क्लिक केलं, आणि नवी शीट उघडून त्या तालुक्यातल्या सगळ्या मुलींच्या ओळी आल्या, नावासकट, आधारसकट. पिव्होट मूळ डेटाची प्रत स्वतःजवळ ठेवतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल फाइल दिली. तिच्यात एक लपवलेली शीट राहून गेली, आणि 9,483 अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे नि नेमणुकीची ठिकाणं इंटरनेटवर गेली. ज्या भागात पोलिसांवर हल्ले होतात, तिथली ही गोष्ट आहे. त्यांना पुढं साडेसात लाख पौंडांचा दंडही झाला.

नाव आणि नंबर काढले तरी ओळख उरू शकते, हे मला बरंच उशिरा कळलं. लहान गावात दहावी झालेली, अपंगत्वाचा दाखला असलेली मुलगी एखादीच असते. तिची जन्मतारीख यादीत असली की गावातला कोणीही बोट ठेवून सांगेल. आता बाहेर जाणाऱ्या यादीत मी गावाऐवजी तालुका आणि जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष ठेवते. फाइल मेनूतलं इन्स्पेक्ट डॉक्युमेंटही चालवते. लपलेल्या शीट, ओळी, कॉमेंट ते शोधून देतं.

त्या सल्लागारांना नेमकं काय हवंय, ते मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. त्यांना तालुकावार संख्याच हवी होती. कोऱ्या फाइलमध्ये दोन कॉलम व्हॅल्यूज म्हणून पेस्ट केले आणि पाठवले.