पहिल्या लग्नाचे फोटो काढायला निघालात? मग या चुका टाळा

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी लग्नं शूट करू पाहणाऱ्या हौशी फोटोग्राफरचे प्रश्न ठरलेले असतात. कोणती लेन्स घेऊ, फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) जाऊ का, अमुक रंग यायला कुठला प्रीसेट (रंगांची तयार सेटिंग) वापरू. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण लग्नाचं काम यांच्यामुळे सहसा बिघडत नाही. ते बिघडतं मेमरी कार्डामुळे, मेन्यूतल्या एका न तपासलेल्या सेटिंगमुळे आणि रात्री घरी आल्यावर केलेल्या घाईमुळे. डोंगराचा फोटो फसला तर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येतं. इथे ती सोय नाही, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

फोटो काढून झाल्यावर फोटो घालवणे

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, म्हणून आधी ही. घडतं साधारण असं. हातात दोन कॅमेरे, एक स्वतःचा आणि दुसरा त्याच कंपनीचा, मित्राकडून आणलेला. दोन्हीकडे फाइलचे क्रमांक ०००१ पासून सुरू झालेले. रात्री साडेअकराला घरी आल्यावर लॅपटॉपवर ‘लग्न’ नावाचं एक फोल्डर तयार होतं आणि पहिलं कार्ड त्यात उतरतं. दुसरं कार्ड उतरवताना संगणक विचारतो, याच नावांच्या फाइल्स इथे आहेत, बदलू का? डोळ्यांवर झोप असते. ‘सगळ्या बदला’वर बोट पडतं आणि पहिल्या कॅमेऱ्याचे हजारभर फोटो दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोंखाली गाडले जातात.

इथपर्यंत खरं तर काहीच गेलेलं नसतं, कारण मूळ फोटो अजून कार्डावर असतात. पण दुसऱ्या दिवशी एक साखरपुडा, मोठं कार्ड पहिल्या कॅमेऱ्यातलं हे एकच, म्हणून सकाळी ते फॉरमॅट होतं. चार दिवसांनी निवड करायला बसल्यावर लक्षात येतं की नवरीच्या तयारीचा एकही फोटो नाही.

यात तंत्र अवघड असं काहीही नाही, सगळा घोळ सवयीचा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत फाइलनावाची सुरुवातीची अक्षरं बदलता येतात. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी अक्षरं द्या. फाइलचे क्रमांक ‘सलग’वर ठेवा. तरीही ९९९९ नंतर आकडा पुन्हा ०००१ वर येतोच, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर असायलाच हवं. कॉपी झाल्यावर कार्डावरच्या आणि फोल्डरमधल्या फाइल्सची संख्या ताडून बघा, मग सुरुवातीची, मधली आणि शेवटची फाइल उघडून बघा. लगेच दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत करा, आणि एक प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर जाऊ द्या. भरलेलं कार्ड पाकिटात उलटं ठेवायचं, म्हणजे घाईत पुन्हा कॅमेऱ्यात जात नाही. कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच, आणि पुढच्या कामाला निघण्याआधी, आधीच्या कामाच्या प्रती पुन्हा एकदा डोळ्यांनी बघून. ‘झालं की लगेच रिकामं करून ठेवतो’ हा नीटनेटकेपणा लग्नाच्या कामात घातक आहे. कार्ड आजकाल इतकी महाग नाहीत. जास्तीची दोन घ्या आणि फॉरमॅटची घाई सोडा.

चुकून फॉरमॅट झालंच, तर त्याच क्षणी ते कार्ड बाहेर काढा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटमध्ये पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं होतं, पानं शिल्लक असतात. ‘फोटोरेक’सारखं मोफत सॉफ्टवेअर ती पानं शोधून काढतं. सापडलेल्या फाइल्स त्याच कार्डावर नाही, दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवायच्या. मूळ नावं जातात, पण फोटो घेतल्याची वेळ फाइलच्या आत असते, तिच्यावरून क्रम पुन्हा लावता येतो. काही कॅमेऱ्यांत ‘लो-लेव्हल फॉरमॅट’ (पानंही पुसून टाकणारा) असतो, त्यानंतर मात्र फारशी आशा धरू नका. त्या पर्यायाला एरवी हात लावायचं कारणच नाही.

कॅमेऱ्यात कार्डाचे दोन स्लॉट असतील तर दुसरा ‘बॅकअप’वर आहे का बघा. अनेक कॅमेऱ्यांत तो मुळात ‘पहिलं भरल्यावर दुसरं’ असा लावलेला असतो. लोक दोन कार्ड घालून निर्धास्त फिरतात आणि प्रत्यक्षात प्रत एकच असते. २०१८ साली कॅननचा ईओएस आर आणि निकॉनचे झेड ६, झेड ७ एकाच स्लॉटसह आले, तेव्हा लग्नं शूट करणाऱ्यांनी आरडाओरडा केला तो याचसाठी. २०२० मध्ये आलेल्या झेड ६ टू आणि झेड ७ टूमध्ये दोन स्लॉट आले. एकाच स्लॉटच्या कॅमेऱ्यावर काम करत असाल तर पूर्ण दिवस एका मोठ्या कार्डावर काढू नका, तयारी, मुख्य विधी आणि रिसेप्शन वेगवेगळ्या कार्डांवर ठेवा.

दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवा, म्हणजे दोन्हींचे फोटो वेळेच्या क्रमाने लागतात. विसरलात तर दोन्हींनी एकाच फोनच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा फोटो काढून ठेवा, नंतर संगणकावर फरक काढून वेळ सरकवता येते.

सायलेंट शटरचा मोह

नवा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) हातात आला की आवाज बंद करून शूट करण्याची हौस येते. विधीच्या वेळी खटखट नको, हा विचार चांगलाच आहे. पण हे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी वरून खाली एकेक करून वाचतं. सगळ्या ओळी वाचायला साध्या कॅमेऱ्याला सेकंदाचा विसावा भाग लागला असं धरा. आता ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात, आणि ६० हर्ट्झ असेल तिथे १२० वेळा. म्हणजे एक फ्रेम वाचून होईपर्यंत दिवा पाच-सहा वेळा लुकलुकतो आणि फोटोत तेवढे आडवे काळपट पट्टे उमटतात. डोळ्याला हॉलमध्ये काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फिकट पट्टे नजरेतून सुटतात, आणि घरी मोठ्या स्क्रीनवर नवरीच्या चेहऱ्यावरून दोन पट्टे गेलेले दिसतात. हे नंतर साफ करणं म्हणजे एकेका फोटोला अर्धा तास, आणि तरी त्वचेचा रंग जुळत नाही.

उपाय साधा आहे, मेकॅनिकल (खरोखर पडदा हलणारं) शटर लावा. आजच्या मिररलेसचा मेकॅनिकल आवाज तीन मीटरवर, माइक आणि माणसांच्या गलबल्यात, कोणाच्या कानावर जात नाही. त्यावरही १/५०० सेकंदासारखा वेग ठेवला तर एका फ्रेममध्ये उजेड कमी, पुढच्यात जास्त, अर्ध्या फ्रेममध्ये पिवळट अशी गंमत होते. म्हणून ५० हर्ट्झच्या ठिकाणी १/१०० किंवा १/५०, आणि ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/१२५ किंवा १/६०. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. ते दिवा तेज असतानाच शटर सोडतं, त्यामुळे बटण दाबल्यावर किंचित उशीर जाणवतो, तो सोसा. स्टेजमागची एलईडी भिंत आणि मंद करता येणारे स्टेज लाइट यांची चाल मात्र निराळीच असते, तिथे हे आकडे लागू पडतीलच असं नाही. हॉलवर पोचल्यावर दहा मिनिटं काढायची, प्रत्येक प्रकारच्या दिव्याखाली पांढऱ्या भिंतीचे दहा फोटो काढायचे आणि मोठे करून बघायचे. ही दहा मिनिटं न देणारे लोक नंतर दहा तास पट्टे पुसत बसतात.

बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश उडतच नाही, हेही लक्षात असू द्या. ‘फ्लॅश बिघडला’ म्हणून ऐन वेळी सेल बदलत बसणाऱ्याने आधी शटरची सेटिंग बघावी.

सगळं एफ/१.८ वर

मागचं धूसर दिसलं की फोटो ‘प्रोफेशनल’ वाटतो, त्यामुळे महागडी लेन्स घेतलेला माणूस अ‍ॅपर्चरची रिंग (लेन्सचं भोक लहान-मोठं करणारी; एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं) हलवायला तयार नसतो. फुल-फ्रेमवर ८५ मिमी लेन्स, तीन मीटर अंतर, एफ/१.८ असं असेल तर जेमतेम १३ सेंटिमीटरची जाडी स्पष्ट येते. नवरा अर्धं पाऊल मागे उभा असेल तर तो गेला. एफ/४ ला हीच जाडी साधारण ३० सेंटिमीटर होते. एकट्या चेहऱ्यासाठी एफ/१.८ खुशाल वापरा, दोघांसाठी एफ/२.८ ते एफ/४, आणि रांगांच्या ग्रुपसाठी एफ/५.६ ते एफ/८. तीन रांगा असतील तर फोकस मधल्या रांगेवर. ग्रुपसाठी २४ मिमीची रुंद लेन्स लावून जवळ उभं राहू नका, कडेची माणसं आडवी ताणली जातात आणि नेमक्या तिथे उभ्या असलेल्या आत्याबाई फोटो बघून तुम्हाला नावं ठेवतात. मागे सरका, ३५ किंवा ५० वापरा.

डोळे मिटलेल्यांचं काय? याचं गणित निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या ऑस्ट्रेलियातल्या जोडीने मांडलं आणि २००६ चं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळवलं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने, येईल तेवढे फोटो काढा. बारा जणांना चांगल्या उजेडात चार, मंद दिव्यांत सहा. हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण ग्रुपचे दोनच फोटो काढून पुढे पळणाऱ्यांपेक्षा हे बरंच बरं.

आयएसओची भीती आणि समोरून फ्लॅश

आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० च्या वर जायचं नाही असं कोणीतरी सांगितलेलं असतं, मग फोटो काळे येतात आणि संगणकावर उजळले जातात. असं ओढून उजळलेल्या फोटोत दाणे जास्त दिसतात. गेल्या काही वर्षांतल्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर आयएसओ ३२०० बिनधास्त वापरा, फक्त उजेडाचं माप बरोबर ठेवा. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग करडं हवं असतं. फ्रेममध्ये पांढरे कपडे जास्त असतील तर ०.७ ते १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा, काळे सूट जास्त असतील तर थोडं उतरवा.

फ्लॅश चेहऱ्यावर सरळ मारू नका, पांढऱ्या आणि फार उंच नसलेल्या छताकडे वळवा. आयएसओ १६००, एफ/४, १/१०० ही सुरुवात चांगली आहे. छत लाकडी किंवा रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो, तेव्हा मागची पांढरी भिंत शोधा. दिवे पिवळे असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा, नाहीतर माणसं निळसर आणि हॉल पिवळा येतो. रॉ फाइलमध्येही (सेन्सरची कच्ची माहिती ठेवणारी फाइल) हे दोन उजेड एका स्लायडरने सरळ होत नाहीत.

आता ज्यांना एकेक ओळ पुरे आहे त्या चुका. फक्त जेपेगवर (कॅमेऱ्याने दाबून लहान केलेली फाइल) लग्न काढू नका. जागा करायला कार्यक्रमात कॅमेऱ्यातूनच फोटो पुसू नका. फ्लॅशच्या सेलचे चार-चारचे संच करा, जुने-नवे मिसळू नका. व्हिडिओवाल्याशी आधी बोलून घ्या, कोण कुठे उभं राहणार ते ठरवा. ग्रुप फोटोंची यादी कागदावर घ्या आणि हाका मारायला घरचं एक माणूस नेमा, तुम्हाला कोणाची मावशी कोण ते माहीत नसतं. किती फोटो आणि कधी देणार, ते लेखी द्या. आणि एखादं-दोन लग्नं दुसऱ्याच्या हाताखाली काढल्याशिवाय एकट्याने ऑर्डर घेऊ नका. यावर ‘शिकतोय ना, म्हणून कमी पैसे घेतले’ हे उत्तर चालत नाही, कमी पैशांत गेलेला फोटोही गेलेलाच असतो.

इतकं करूनही एखादा भाग गेलाच, तर अल्बमच्या दिवसापर्यंत गप्प बसू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा. त्या वेळात हजर असलेल्या पाहुण्यांच्या फोनमध्ये काही ना काही सापडतं. मेसेजवरून आलेल्या प्रती चालणार नाहीत, त्या दाबून लहान झालेल्या असतात, मूळ फाइलची लिंक किंवा केबलने थेट प्रत घ्या. आठवडा घालवलात तर निम्म्या पाहुण्यांनी फोन भरला म्हणून नेमके तेच फोटो उडवलेले असतात.