पूर ओसरल्यावर शेतात काय करायचं, आणि पहिले काही दिवस काय अजिबात करायचं नाही

पाणी उतरलं की माणूस आधी शेताकडे धावतो, साहजिक आहे, पण माझं कळकळीचं सांगणं एकच, वाफसा येईपर्यंत, म्हणजे जमीन मशागतीइतकी सुकेपर्यंत, तिच्यात औजार घालू नका. पुरानं करायचं ते नुकसान केलेलं असतंच, त्यावर आपण घाईघाईत दुसरं करून ठेवतो. ओल्या रानात ट्रॅक्टर गेला की चाकाखालची माती अशी दाबली जाते की पुढची काही वर्षं तिथं मुळं खाली जात नाहीत आणि पाणीही मुरत नाही. मी स्वतः हे करून पस्तावलोय म्हणून इतकं बोलतोय.

वाफसा आलाय का हे वरवर बघून कळत नाही. वरचा गाळ पांढरा पडून भेगाळतो आणि खाली अजून चिखलच असतो. वीतभर खालची माती काढा, मुठीत दाबून गोळा करा, अंगठ्यानं ढकला. भुगा झाला तर काम सुरू करा, मेणासारखी पट्टी निघाली तर घरी जा.

तोवर हातावर हात धरून बसायचं असं नाही, कामं भरपूर आहेत.

सगळ्यात आधी फोटो, साफसफाई करायच्या आधी. पीक, खरवडून गेलेला बांध, मोटर, मेलेलं जनावर, भिंतीवरची पाण्याची खूण, सगळं तारीख आणि लोकेशन येईल असं काढा आणि लगेच दुसऱ्याच्या फोनवर पण पाठवून ठेवा. विमा असेल तर नुकसान कळवायची मुदत आजच बघा, ती कधीकधी तासांत मोजलेली असते. घरात शिरताना साप असणार हे धरून चाला, काठी आणि बूट. मोटर, स्टार्टर, वायरिंग पूर्ण सुकवून जाणकाराकडून तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही म्हणजे नाही.

मग विहीर. एका दमात तळापर्यंत उपसू नका, आजूबाजूची जमीन पाण्यानं फुगलेली असते आणि आतलं पाणी एकदम कमी झालं की कडा आत ढासळतात, थोडं थोडं उपसा. नंतर ब्लीचिंग पावडर. गोल विहिरीतलं पाणी किती हे काढायला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले ७८५, आलं ते लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर २८ हजार लिटरच्या आसपास. एरवी १००० लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम धरतात, म्हणजे इथं साधारण ७० ग्रॅम, पण पुराच्या गढूळ पाण्याला जास्त लागते, त्यामुळे आरोग्य कर्मचाऱ्याकडून तासाभरानंतरचं क्लोरीन तपासून घ्या, लिटरला ०.५ मिलीग्रॅम तरी शिल्लक दिसलं पाहिजे. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी विहिरीत सोडा. तपासणी होईपर्यंत पाणी उकळूनच प्यायचं. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू तिथूनच शरीरात शिरतात, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला पुराच्या पाण्यात काम केलं होतं हे आवर्जून सांगा.

जनावरांना बुरशी आलेला चारा घालू नका, कितीही टंचाई असली तरी. भिजलेली चाऱ्याची गंजी आतून तापते आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, आपोआप पेट घेते, म्हणून ती गोठ्यापासून लांब ओढून मोडून टाका. फऱ्या आणि घटसर्प या जनावरांच्या रोगांच्या लसीसाठी पशुवैद्याला लगेच विचारा. साठवणीच्या धान्यातलं पाण्याच्या रेषेच्या वरचं आणि त्याहून फूटभर सोडून जे कोरडं आहे तेवढंच वेगळं काढा, खालचं त्यात मिसळू नका, बुरशीचं विष नुसतं वाळवून जात नाही. पुराचं पाणी लागलेली भाजी आणि फळं वरून धुवून खायची किंवा विकायची नाहीत, त्या पाण्यात सांडपाणी, डिझेल, कीटकनाशकं सगळं मिसळलेलं असतं.

आता उभं पीक. साचलेल्या पाण्यात एक-दोन दिवसांत मुळांजवळचा ऑक्सिजन संपतो. कोवळा मका गरम हवेत दोन दिवसच तग धरतो, थंडीत चार, आणि भाताच्या स्वर्णा-सब१ सारख्या वाणांनी मात्र दोन आठवडे बुडून राहिल्यावरही नवे फुटवे काढलेत. म्हणून पीक मेलं असं पहिल्याच दिवशी ठरवू नका. चर काढा, पाणी जाऊ द्या, चार-पाच दिवसांनी मुळं उपटून बघा, पांढरी टणक असली तर आशा आहे, तपकिरी लिबलिबीत असली तर नाही. पण चर काढताना खालच्या रानवाल्याला विचारल्याशिवाय बांध फोडू नका, तुमचं पाणी त्याच्या पिकात जातं, सगळ्यांनी मिळून चराची दिशा ठरवली तरच भांडण न होता काम होतं.

गाळाचं म्हणाल तर बारीक पोयटा आला असेल तर जमिनीत मिसळून जातो, वाळू आली असेल तर जाडी मोजा. ५ सेंटीमीटरपर्यंत साध्या नांगरटीत मिसळते, २० पर्यंत आधी पसरून मग खोल नांगरावी लागते, त्याच्या वर शक्यतो उचलून बाहेरच काढावी लागते. नदीच्या वरच्या अंगाला कारखाना असेल तर मातीची तपासणी केल्याशिवाय खायचं पीक घेऊ नका.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बरेच दिवस पाण्याखाली आणि नंतर पडीक राहिलेल्या जमिनीत पुढच्या हंगामात खत असूनही रोपं खुरटतात, पानं जांभळी पडतात. १९९३ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर तिथल्या मक्यात असंच झालं. मुळांना स्फुरद (फॉस्फरस) पोचवणारी एक चांगली बुरशी जिवंत मुळांशिवाय टिकत नाही, हे त्याचं कारण. म्हणून पीक घ्यायचं नसलं तरी जमीन मोकळी ठेवू नका, ताग किंवा कुठल्याही द्विदलाचं बी फेकून पेरा, मोहरी-कोबीच्या कुळातलं नको कारण त्यांच्या मुळांवर ही बुरशी वाढत नाही. आणि पुढच्या पेरणीला थोडं स्फुरद बियाण्याच्या बाजूला पट्ट्यात द्या. नत्र (नायट्रोजन) तर बरंचसं उडून किंवा वाहून गेलेलं असतं, ते माती परीक्षण करून मग भरा.

पैशाचं. पहिल्या आठवड्यात जनावरं विकू नका, सगळेच विकायला काढतात तेव्हा भाव पडतो आणि परत घेताना दुप्पट पैसे जातात. वाफसा नसताना कर्ज काढून दुबार पेरणी करू नका. आणि पंचनाम्याची यादी होत असेल तर वाट्यानं कसणारा, मजुरीवर जगणारा, ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा प्रत्येकाचं नाव त्यात आलंय का हे गावानं बघायचं, कारण त्याचं पीक, मजुरी, घर सगळं गेलेलं असतं आणि कागदावर तो कुठंच नसतो. गाळ काढायचं काम सावडीनं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या मदतीला जाऊन करा, एकट्या बाईचं घर आणि म्हाताऱ्यांचं घर आधी. कोणी एकदम गप्प झालं असेल तर त्याच्या घरी रोज चक्कर मारा.

आणि भिंतीवरची पाण्याची खूण पुसून जायच्या आत तिच्यावर ऑइलपेंटनं रेघ ओढा, वर्ष लिहा. स्टार्टर, बियाणं, औषधाचे डबे, कागदपत्रांची पेटी, पुढच्या पावसाळ्याआधी सगळं त्या रेघेच्या हातभर वर चढवायचं.