शनिवार-रविवार सत्कारणी कसे लावावेत

सुट्टीचा बराच वेळ ठरवाठरवीतच जातो. काय खायचं, कुठे जायचं, कोणता सिनेमा लावायचा, यात अर्धा शनिवार सरतो आणि उरलेला अर्धा आठवडाभर तुंबलेली कामं गिळतात. माझी शिफारस साधी आहे: ठरवायचं ते शुक्रवारीच ठरवा, आणि थोडंच ठरवा.

१. शुक्रवारी संध्याकाळी कागद-पेन घ्या

मोबाइलमधली यादी नको. ती बघायला जावं आणि तासाभराने भलतंच काहीतरी बघत बसलेलो असावं, असं होतं. कागदावर तीन ओळी लिहा: एक काम, एक जेवण, एक मौज. काम नेमकं हवं. ‘घर आवरणे’ हे काम कधीच संपत नाही, ‘कपाटाचा खालचा खण’ मात्र संपतो. त्याच कागदाच्या मागे सोमवारी सकाळी करायचं पहिलं काम लिहून टाका, म्हणजे ते डोक्यात घोळत राहत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

२. उठण्याची वेळ फार ढळू देऊ नका

रोजच्यापेक्षा तासभर उशीर चालेल, तीन तास नाही. शनिवार-रविवारी उशिरा झोपून उशिरा उठलं की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि सोमवारी ते ओढून मागे आणावं लागतं. जर्मन संशोधक टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली याला ‘सोशल जेटलॅग’ म्हटलं. झोप खरोखरच कमी पडली असेल तर शुक्रवारी लवकर आडवे व्हा, किंवा दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी काढा. गजर मात्र लावा, कारण सुट्टीतली डुलकी दोन तासांवर कधी जाते ते कळत नाही. चहा-कॉफीचंही तसंच. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचची कॉफी रात्री दहालाही अर्धी शिल्लक असते.

३. घरकामाला कुंपण घाला

शनिवारी जेवणाआधीचे दोन तास, बस. वेळ संपली की हातातलं काम तिथेच ठेवायचं. राहिलेलं पुढच्या शुक्रवारच्या कागदावर जाईल.

४. एक मोठं पातेलं चढवा

हा माझा सगळ्यात आवडता भाग. सुट्टीत चार पदार्थांचा घाट घालण्यापेक्षा एकच पदार्थ भरपूर करा, असा की शनिवारी जेवण होईल आणि पुढचे दोन-तीन दिवसही निघतील. कडधान्यासारखं यासाठी दुसरं काही नाही.

शुक्रवारी रात्री ते भरपूर पाण्यात भिजत घाला आणि त्या पाण्यात थोडं मीठ टाका. मिठामुळे कडधान्य टणक राहतं, हा समज चुकीचा आहे. उलट सालं मऊ होतात. टणक राहायला कारणीभूत असतं ते जड पाणी, आंबट पदार्थ किंवा वर्षानुवर्षं डब्यात पडलेला जुना माल. त्यामुळे टोमॅटो, चिंच, लिंबू जे काही घालायचं ते दाणा बोटांत दाबल्यावर चिरडू लागल्यानंतरच घाला. राजमा असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन मंद आचेवर नुसतं कोमट शिजवून जात नाही, आणि पोट चांगलंच बिघडवतं.

शिजेपर्यंत शेजारच्या शेगडीवर कांदा घ्या. पाककृतीत ‘पाच मिनिटं परता’ असं लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. कांद्यात बहुतांश पाणीच असतं आणि ते उडाल्याशिवाय तो खरपूस होत नाही. मंद आचेवर गडद तपकिरी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. मध्ये बुडाला तपकिरी थर धरतो, तेव्हा चमचाभर पाणी शिंपडून तो उलथन्याने खरवडून कांद्यातच मिसळा. सगळी चव त्या थरात असते. रोजच्या घाईत हे जमत नाही, म्हणून तर शनिवारी करायचं.

उरलेलं पातेल्यासकट रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. उथळ डब्यांत काढा, म्हणजे लवकर निवेल, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. तिथे तीन-चार दिवस टिकतं. त्यापुढे लागणार असेल तर आजच फ्रीझरमध्ये ठेवा. भातालाही हाच नियम, किंबहुना जास्त कडक: तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिला की जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

५. पायी बाहेर पडा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. दोन्ही दिवशी सव्वा-सव्वा तास भरभर चाललात तर किमान मर्यादा तिथेच भरते. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाहीये, इतका वेग पुरे. वेळ सकाळची धरा, कारण ‘संध्याकाळी जाऊ’ म्हटलेलं चालणं क्वचितच होतं. आणि जायला काहीतरी ठिकाण हवं: एखादी बाग, वाचनालय, मैत्रिणीचं घर. नुसतं चक्कर मारून यायचं म्हटलं की चपला घालेपर्यंत उत्साह मावळतो.

६. मौज रविवारी संध्याकाळी ठेवा

बहुतेक जण ती शनिवारी उरकतात आणि रविवारी चारनंतर सोमवारच्या धास्तीत सुतकी चेहऱ्याने बसून राहतात. म्हणून दुपारीच कपडे, पिशवी आणि डबा यांची दहा मिनिटांत तयारी करून टाका. सोमवारी फ्रीझरमधलं खायचं असेल तर तो डबा आताच खाली फ्रिजमध्ये उतरवा, रात्रभरात सुटेल. मग कागदावरची तिसरी ओळ काढा. पुस्तक किंवा सिनेमा वीस मिनिटांत पकड घेत नसेल तर बिनदिक्कत बंद करून दुसरा लावा. तीन तासांचा सिनेमा असेल तर सहालाच सुरू करा.