प्रयोगवही खुली ठेवायची असेल तर

औषधशोधाची प्रयोगवही खुली, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना वाचता येईल अशी, करण्याआधी पेटंटचा निर्णय घ्या. रेणूची रचना एकदा जाहीर झाली की नावीन्याचा दावा साधारणपणे संपतो.

नोंद प्रयोगाच्या दिवशीच टाका. प्रत्येक अभिकारकाचे मिलिग्रॅम, मिलिमोल आणि इक्विव्हॅलंट (मुख्य अभिकारकाच्या किती पट मोल), द्रावकाचे मिलिलिटर, तापमान, वेळ, टीएलसीचा (अभिक्रिया किती पुढे गेली ते दाखवणाऱ्या पट्टीचा) फोटो, उत्पन्नाची टक्केवारी हे सगळं हवं. फसलेली अभिक्रियाही लिहा, नाहीतर दुसरी प्रयोगशाळा तोच आठवडा वाया घालवते. एनएमआरची (रेणूची रचना पटवणाऱ्या वर्णपटाची) नुसती पीडीएफ कोणालाच पुन्हा तपासता येत नाही. उपकरणाच्या कच्च्या संकेताची मूळ एफआयडी फाइल झिप करून जोडा.

सर्वात जास्त घोळ रचनेत होतो. प्राझिक्वांटेल हे जंतावरचं औषधच घ्या. त्याचे आर आणि एस हे दोन रेणू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा: कृमींवर काम करतो तो आर-रेणू, एस-रेणू बहुतांशी निष्क्रिय. स्माइल्समध्ये (रचना एका ओळीत अक्षरांनी लिहायची पद्धत) @ चिन्ह लिहायचं राहून गेलं की दोन्ही एकच दिसतात. (याच औषधाचे दोन रेणू वेगळे करण्याचं काम तेव्हा सिडनीत असलेले रसायनतज्ज्ञ मॅथ्यू टॉड यांच्या गटाने उघडपणे केलं आणि बाहेरच्या रसायनतज्ज्ञांच्या सूचनांनी ते पुढे सरकलं.) म्हणून स्माइल्ससोबत इन्चीकी, म्हणजे रचनेवरून तयार होणारा २७ अक्षरी संकेत, द्या, आणि क्षार असेल तर कोणता तेही.

तक्त्यात आयसी५० चं (परिणाम निम्म्यावर आणणारी संहती; जितकी कमी तितकं संयुग सक्रिय) एकक स्तंभाच्या शीर्षकात लिहा. ‘>१० मायक्रोमोलर’ मधलं > गळलं तर निष्क्रिय संयुग सक्रिय दिसतं. त्या चिन्हासाठी वेगळा स्तंभ ठेवा. एक्सेल काही कॅस क्रमांकांच्या (रसायनांच्या नोंदणी क्रमांकांच्या) तारखा करून टाकतं, तेव्हा आधी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करा.

शेवटी सीसी बाय ४.० परवाना (श्रेय देऊन कोणीही वापरावं असा) लावून डेटाचा संच झेनोडो या संशोधन-डेटाच्या मोफत संकेतस्थळावर चढवा, डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो. परवाना नसेल तर कायदा सांभाळणारी कंपनी तो डेटा वापरायला धजत नाही.